बी कुणाचं, बांधी कुणाची

मैत्रिणींनो, मूल न होण्याची गोष्ट निघाली की अहेरीकडे आम्ही हमखास ऐकतो: बी नवऱ्याचं, बाई म्हणजे नुसती बांधी. पीक आलं नाही, तर दोष बांधीला. युरोपातही हा समज शतकानुशतकं होता.

१६७२ मध्ये हॉलंडचे डॉक्टर रेग्नियर द ग्राफ यांनी बाईच्या बीजकोशावरचे पाण्याने भरलेले फुगवटे तपासून लिहिलं, की बाईचंही बीज असतं. पण फुगवटा म्हणजेच बीज, असं तेव्हा मानलं गेलं. आतलं खरं बीज कार्ल फॉन बेअर यांना दिसलं १८२७ मध्ये, तेही कुत्रीच्या बीजकोशात. बाईचं बीज जेमतेम मिलिमीटरचा दहावा भाग. साध्या डोळ्यांना सहज कसं दिसणार?

मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची बीजं तयार होतात. म्हणजे आपण ज्या बीजातून आलो, ते आपली आई आजीच्या पोटात होती तेव्हाचं! जन्मताना १० ते २० लाख, पाळी येईपर्यंत उरतात ३-४ लाख. प्रत्येकाभोवती बारीक पिशवी. दर महिन्याला काही पिशव्या वाढू लागतात. बहुधा एकच दोन सेंटिमीटरपर्यंत फुगून फुटते आणि बीज बाहेर पडतं. बाकीच्या विरतात.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि सहकाऱ्यांनी पिकलेलं बीज काढून शरीराबाहेर फलित केलं. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुलगी जन्मली. तिथंही बीजं दोघांची लागली. तपासणीला जाताना नवऱ्यालाही सोबत न्या. त्याची तपासणी तर जास्त सोपी असते.