मुंबईच्या सागाचे जहाज

इ.स. 1817 हे साल आपल्या विदर्भात सीताबर्डीच्या लढाईमुळे लक्षात राहिले आहे. 26 आणि 27 नोव्हेंबरला नागपूरकर भोसल्यांच्या फौजेने इंग्रजांशी झुंज दिली. त्या फौजेत अरब शिपाईही होते. लढाई हरली आणि राज्य इंग्रजांच्या मुठीत गेले. आजचा वर्धा जिल्हा तेव्हा याच राज्याचा मुलूख होता. या लढाईच्या दीड महिना आधी, 12 ऑक्टोबर 1817 रोजी, मुंबईच्या गोदीत एक लढाऊ जहाज पाण्यात उतरले होते. ते इंग्रज आरमाराचे होते, मात्र ते घडवणारे हात इथल्या कारागिरांचे होते. या जहाजाचे नाव 'त्रिंकोमाली'.

इंग्रजांना जहाज बांधायला मुंबईपर्यंत यावे लागले, याचे कारण लाकूड. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांमुळे इंग्लंडात ओकच्या लाकडाचा तुटवडा पडला होता. मलबारचा साग मात्र भरपूर होता. सागात तेल असते, म्हणून तो पाण्यात लवकर कुजत नाही आणि त्याला कीड सहसा लागत नाही. शिवाय मुंबईत वाडिया घराणे होते. 1736 साली सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांपासून या पारशी घराण्याने गोदीचे काम सांभाळले. 'त्रिंकोमाली'चे उस्ताद जमशेदजी बोमनजी वाडिया होते. जहाजाचे नकाशे इंग्लंडहून 'जावा' नावाच्या जहाजातून येत होते. डिसेंबर 1812 मध्ये ते जहाज अमेरिकनांच्या हाती पडले आणि नकाशे गेले. दुसरी प्रत यायला वेळ लागला. अखेर 1816 साली पारशी रिवाजाप्रमाणे तळाच्या मुख्य तुळईत चांदीचा खिळा ठोकून काम सुरू झाले.

जहाज 1819 साली इंग्लंडला पोहोचले, तोपर्यंत युद्ध संपून गेले होते. नव्याकोऱ्या जहाजाच्या डोलकाठ्या उतरवल्या गेल्या, त्यावर छप्पर घातले गेले आणि ते सुमारे 25 वर्षे बंदरात पडून राहिले. पुढे 1847 ते 1850 ते वेस्ट इंडीज व उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यांवर फिरले. गुलामांचा व्यापार रोखण्यासाठी गस्त घालणे हे त्याचे एक काम होते. 1852 ते 1857 ते प्रशांत महासागरात होते. त्याच काळात क्रिमियाचे युद्ध झाले. त्यात तुर्कस्तानचा सुलतान आणि इंग्रज एका बाजूला होते आणि रशिया दुसऱ्या बाजूला. कोणतीही मोठी आरमारी लढाई या जहाजाच्या नशिबी आली नाही. त्याच गोदीतल्या 'कॉर्नवॉलिस'चे नशीब वेगळे. 1842 साली अफूच्या युद्धात हरलेल्या चीनला नानकिंगचा तह त्याच जहाजावर मान्य करावा लागला. कारागीर लाकूड घडवतो, पण त्या लाकडाचे काय करायचे ते हुकूम देणारा ठरवतो.

यानंतर 'त्रिंकोमाली' हे नवशिक्या खलाशांची शाळा झाले. 1897 साली ते भंगारात विकले गेले. व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थाने ते वाचवले आणि त्याला 'फुद्रोयाँ' हे नाव दिले. 1986 पर्यंत त्यावर मुले शिकत राहिली. पुढे हार्टलपूल येथे दुरुस्ती झाली. 1992 साली जुने नाव परत मिळाले आणि 2001 साली काम पुरे झाले. पाण्यावर तरंगणारी ब्रिटनची सर्वांत जुनी युद्धनौका म्हणून आज ते लोक पाहायला जातात.

जमशेदजींचे नाव इतिहासात राहिले, ते योग्यच आहे. पण करवतीने फळ्या कापणारे, सांधे बुजवणारे, दोर वळणारे कोण होते? त्यांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत आढळत नाहीत. त्यांची आणि त्यांच्याबरोबर दर्यावर जाणाऱ्यांची खूण भाषेत मात्र आहे. जहाज आणि खलाशी हे शब्द अरबी, बंदर आणि नाखुदा हे फारसी. कोकणातले 'नाखवा' हे आडनाव नाखुदावरूनच आले. सारंग म्हणजे फारसी 'सरहंग'. आणि जहाजाला वाट दाखवणारा 'मालिम' म्हणजे मूळचा अरबी 'मुअल्लिम'. उर्दू शाळेत आम्हाला याच नावाने ओळखतात. फळ्यावर हा शब्द लिहून त्याचा दर्यावरचा अर्थ सांगितला, की वर्गातल्या मुलांचे डोळे चमकतात.

समुद्र न पाहिलेल्या आपल्या मुलांना 'तुमचा या देशाच्या इतिहासात काय वाटा?' असे कधी कोणी विचारते. तेव्हा केवळ बादशहांची नावे सांगून भागत नाही. कारागिरीचा अभिमान जरूर धरावा, पण ते जहाज कोणाच्या हुकमाने चालले हेही सांगावे. हिंदू, पारशी, मुसलमान असा भेद न करता सागाची फळी ज्याने नीट बसवली, त्याचे काम 200 वर्षांनंतरही पाण्यावर टिकून आहे. आता त्याच्या नावाची जागा निदान आपल्या पाठात तरी रिकामी दिसली पाहिजे.