२४ जानेवारी १९७६ : माहुलचा कारखाना देशाचा झाला

२४ जानेवारी १९७६ रोजी बर्मा-शेल कंपनीचा भारतातील कारभार केंद्र सरकारने ताब्यात घेतला. मुंबईत चेंबूरजवळचा माहुलचा तेलशुद्धीकरण कारखाना सरकारी झाला. १ ऑगस्ट १९७७ला कंपनीचे नाव भारत पेट्रोलियम झाले.

बदल नुसत्या पाटीचा नव्हता. १९६० मध्ये सोव्हिएत संघाने स्वस्त कच्चे तेल देऊ केले, तेव्हा बर्मा-शेल, स्टॅनव्हॅक (नंतरची एस्सो) आणि कॅलटेक्स या तिन्ही परदेशी कंपन्यांनी ते शुद्ध करायला नकार दिला होता. कारखाने आपल्या भूमीवर, पण कोणाचे तेल घ्यायचे हे साता समुद्रापार ठरत होते! याउलट २०२२पासून, युक्रेन युद्धाच्या काळात, पाश्चात्त्य देशांचा रोष पत्करून भारताने सवलतीचे रशियन तेल घेतले. घेणाऱ्यांत खासगी कंपन्यांबरोबर भारत पेट्रोलियमही होती. २०२२च्याच मे महिन्यात भारत पेट्रोलियम विकण्याचा प्रस्ताव सरकारने मागे घेतला, हे फार बरे झाले. देश आजही गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो. हिमायतनगरसारख्या गावातल्या पंपावर ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरणाऱ्या शेतकऱ्याचा नांगरटीचा खर्च त्या खरेदीला बांधलेला आहे.