गवत कोणाचे, मांस कोणाचे

आपल्याकडे गोमांसाचा वाद आहे तो खावे की खाऊ नये याचा. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या कत्तलीला बंदी घातली, २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले, आणि बड्याचे मटण हा पोलीस ठाण्याचा विषय झाला. अमेरिकेत भांडण आहे ते जनावर काय खाऊन वाढले याचे. तेथे दुकानात मांसाच्या दोन पुड्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. एकीवर 'ग्रास-फेड', म्हणजे गवतावर वाढलेले, अशी चिठ्ठी असते आणि तिची किंमत जास्त असते. दुसरीवर चाऱ्याविषयी बहुधा काहीच लिहिलेले नसते. ते मक्यावर पोसलेल्या जनावराचे नेहमीचे मांस. खिसा भरलेला सुशिक्षित ग्राहक पहिली पुडी उचलतो आणि काही पुण्यकर्म केल्याच्या समाधानात घरी जातो.

मांसाची प्रत लागते तेव्हा माणसाचीही प्रत लागते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. येथे भेद होता तो मारलेल्या आणि मेलेल्या जनावराच्या मांसाचा. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यतेचे मूळ शोधताना नेमका हा धागा हाती धरला. त्यामुळे अमेरिकेतल्या या दोन पुड्यांकडे पाहताना आपल्या मनात वेगळा प्रश्न उभा राहिला पाहिजे. जनावराने काय खाल्ले ते छापले जाते. मग ते गवत कोणाच्या जमिनीवर उगवले आणि ते जनावर कोणी कापले, हे का छापले जात नाही?

प्रथम शास्त्राचे बोलून घेऊ, कारण ते थोडक्यात आटोपते. एक जनावर जन्मभर कुरणात आणि दुसरे जन्मभर कोंडलेले, असा पुष्कळांचा समज असतो. तसे नाही. मांसासाठीचे जवळजवळ प्रत्येक वासरू तेथे आधी आईच्या दुधावर आणि गवतावरच वाढते. फरक पडतो तो शेवटच्या चार-सहा महिन्यांत. नेहमीच्या पद्धतीत त्याला फीडलॉटमध्ये, म्हणजे हजारो जनावरांच्या उघड्या कुंपणबंद आवारात नेऊन मका चारतात. ते दीड वर्षाच्या आसपास कापायला तयार होते. गवतावरच्याला दोन वर्षे किंवा त्याहून अधिक लागतात. रवंथ करणारे पोट हे गवतासाठी घडलेले. त्यात मक्याचे पिष्ट भसाभस गेले की आम्ल वाढते, यकृतात गळवे होतात, मग औषधे आली. गवतावरच्या मांसात चरबी कमी, ओमेगा-३ जातीची स्निग्धाम्ले जास्त, हे खरे. पण मासळीच्या मानाने ती जास्तही थोडीच. शिवाय जनावर अधिक दिवस जगते म्हणून मिथेनही अधिक सोडते. सगळे अमेरिकन गोमांस गवतावर काढायचे तर गुरांची संख्या सुमारे ३० टक्के वाढवावी लागेल, असा हिशेब २०१८ च्या एका अभ्यासाने मांडला. तेव्हा गवत म्हणजे सारे निर्मळ, असे समजण्याचे कारण नाही.

आता त्या गवताच्या जमिनीकडे वळू.

मिसिसिपीच्या पश्चिमेपासून रॉकी पर्वताच्या पायथ्यापर्यंतचा गवताळ मुलूख गोऱ्या माणसाच्या गुरांची वाट पाहत रिकामा पडलेला नव्हता. लकोटा, शायेन, कायोवा, कोमान्ची अशा जमाती त्यावर जगत होत्या, आणि त्यांचे जगणे बायसन या प्रचंड रानगव्यावर उभे होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बायसनांची संख्या तीन कोटींच्या घरात असावी असा अंदाज आहे. या जमाती मांसाच्या पातळ पट्ट्या कापून उन्हात वाळवीत, अगदी आपल्या चान्यांसारख्या. मग त्या कुटून, चरबी आणि रानफळे घालून हिवाळ्याची बेगमी करीत. कातड्याचे तंबू होत, हाडांची अवजारे होत. गवतावरचे मांस म्हणजे काय, हे त्या लोकांना चिठ्ठी वाचून कळत नव्हते.

१८७० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत हे सगळे मोडले. आगगाडी आली, तिच्यामागून कातड्याचे शिकारी आले. पूर्वेकडच्या कारखान्यांना यंत्रांच्या पट्ट्यांसाठी चामडे हवे होते. कातडे सोलून घेत आणि मांस तसेच कुजत टाकीत. बायसन संपला की माणूस आपोआप सरकारने नेमून दिलेल्या राखीव मुलखात येईल, हे सैन्याच्या वरिष्ठांनी ओळखले होते. १८८९ पर्यंत सारे मिळून हजाराच्या आसपास बायसन उरले.

त्या गवतावर मग टेक्सासची लांब शिंगांची गुरे आली. १८६७ पासून ती कॅन्ससमधील अ‍ॅबिलीनच्या रेल्वे ठाण्यापर्यंत शेकडो मैल हाकत आणीत. सिनेमातला काउबॉय नेहमी गोरा असतो. प्रत्यक्षात ही गुरे हाकणाऱ्यांत गुलामगिरीतून सुटलेले काळे आणि मेक्सिकन पुष्कळ होते. एकट्या काळ्यांचे प्रमाण काही इतिहासकार चौथ्या हिश्श्यापर्यंत नेतात. भांडवल मात्र थेट एडिंबरोहून आले. 'प्रेअरी कॅटल कंपनी' ही तेथे १८८० मध्ये निघालेली. काटेरी तारेचे ग्लिडनचे पेटंट १८७४ चे. त्या तारेने पाहता पाहता मोकळ्या मुलखाची वाटणी करून टाकली.

पुढचा भाग तर विलक्षण आहे. शिकार गेल्यावर राखीव मुलखातल्या लोकांना करारांप्रमाणे शिधा द्यायचा होता, आणि त्या शिध्यात मुख्य वस्तू होती गोमांस. म्हणजे ज्या गवताळ मुलखातून त्यांना हुसकावले, त्याच मुलखात चरलेली गुरे सरकार मालकांकडून विकत घेणार आणि त्यांच्यापुढे भीक घातल्यासारखी टाकणार. १८८९ मध्ये लकोटांचा हा गोमांसाचा शिधा कापण्यात आला. त्याच वर्षी त्यांच्या मुलखाचे तुकडे पाडून मोठा भाग काढून घेण्यात आला. उपासमार आणि रोगराई यांनी गांजलेल्या या लोकांवर २९ डिसेंबर १८९० रोजी वूंडेड नी येथे सैन्याने गोळ्या झाडल्या. बायकामुलांसह दीडशेहून कितीतरी अधिक माणसे मेली. दलित पँथरच्या वेळेपासून आपण अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याकडे डोळे लावून पाहत आलो. या मूळच्या रहिवाशांकडे मात्र आपले लक्ष फारसे गेले नाही.

गवताचा आणि जमिनीचा असा संबंध निघाला की मराठी वाचकाला गायरान आठवेल, आणि गायरान म्हटले की दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालील १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह. दोन गोष्टी एक नव्हेत. तेथे ज्यांचे होते त्यांच्याकडून हिसकावले गेले. येथे ज्यांना कधी मिळालेच नाही ते मागत होते. परंतु गुरांना चरायला रान राखले पाहिजे, माणसाने ते कसायचे नाही, हा गावच्या पाटलाचा युक्तिवाद ऐकलेल्याला काटेरी तारेचा इतिहास परका वाटणार नाही.

मक्याचे मांस हे दुसऱ्या महायुद्धानंतरचे पाप आहे, असे गवतवाले सांगतात. तेही अर्धेच खरे. ओहायोतील सायोटो नदीच्या खोऱ्यातून मक्यावर माजवलेली गुरे १८०५ मध्येच बाल्टिमोरच्या बाजाराला हाकत नेली होती. आणि तो मक्याचा मुलूखही शॉनी आदी जमातींकडूनच घेतलेला. मका वाहून नेणे महाग, बैल मात्र आपल्या पायांनी चालत जातो, हा साधा व्यवहार त्यामागे होता. १९२७ मध्ये सरकारी प्रतवारी सुरू झाली. तिने मांसात चरबीचे धागे जितके दाट तितकी प्रत वरची ठरवली, आणि मक्याला राजमान्यता मिळाली. महायुद्धानंतर कृत्रिम खते, संकरित बियाणे आणि सरकारी आधार यांनी मका इतका स्वस्त झाला की तो खपवायला पोटे कमी पडू लागली. १९५४ मध्ये डीईएस हे कृत्रिम संप्रेरक गुरांच्या खाद्यात घालायला परवानगी मिळाली. ते कर्करोगाला कारण होते म्हणून १९७९ मध्ये बंद करावे लागले. कॅन्सस-टेक्सासच्या कोरड्या पठारावर जमिनीखालचे पाणी उपसून चारा पिकवला आणि त्याच्या शेजारी फीडलॉट उभे राहिले.

कापणाऱ्या हातांची गोष्ट शिकागोत सुरू होते. तेथला युनियन स्टॉक यार्ड्स हा गुरांचा अवाढव्य बाजार १८६५ च्या नाताळात उघडला. त्याच्या भोवतीच्या कत्तलखान्यांत जनावर डोक्यावरच्या रुळाला टांगून पुढे सरकत असे आणि प्रत्येक कामगार दिवसभर एकच काप घेत असे. फोर्डने आपल्या मोटारीच्या कारखान्याची कल्पना येथूनच उचलली. आयरिश, पोलिश, लिथुआनियन असे एकामागून एक गरीब येथे आले. १९०४ च्या संपात मालकांनी तो फोडण्यासाठी काळ्या मजुरांना आणले आणि गरिबाला गरिबासमोर उभे केले. अप्टन सिंक्लेअरने 'द जंगल' ही कादंबरी लिहिली ती या कामगारांच्या दुःखावर. ती १९०६ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि त्याच वर्षी मांसतपासणीचा कायदा झाला. कायदा झाला तो मांस खाणाऱ्याच्या पोटासाठी. मांस कापणाऱ्याच्या वाट्याला त्यातून काहीही आले नाही. सिंक्लेअरला स्वतःलाच याची खंत होती.

कामगारांनी जे मिळवले ते संघटनेने. १९४३ मध्ये स्थापन झालेल्या 'युनायटेड पॅकिंगहाउस वर्कर्स' या संघटनेने काळ्या-गोऱ्यांना एकत्र आणले, करारांत वंशभेदाविरुद्ध कलमे घातली, पुढे मार्टिन ल्यूथर किंगच्या चळवळीला पैसा पुरवला. काही काळ कत्तलखान्यातली नोकरी ही बऱ्या पगाराची नोकरी होती. मग १९६० मध्ये आयबीपी ही कंपनी निघाली. तिने कारखाने शहरांतून उचलून आयोवा-नेब्रास्काच्या खेड्यांत, फीडलॉटच्या जवळ नेले. पूर्ण धड पाठवण्याऐवजी तेथेच तुकडे करून खोक्यांत भरायला १९६७ पासून सुरुवात केली. त्यामुळे शहरातल्या कसबी खाटकाची गरज संपली आणि संघटनेचे कंबरडे मोडले. १९७१ मध्ये शिकागोचा बाजार बंद पडला. आज अमेरिकेतील पोसलेल्या गुरांपैकी ८० टक्क्यांहून अधिक चार कंपन्या कापतात, आणि त्या साखळीवर मेक्सिको, ग्वाटेमाला, सोमालिया, ब्रह्मदेश येथून आलेली माणसे उभी असतात. एप्रिल २०२० मध्ये करोनाने ही माणसे आजारी पडू लागली तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी कत्तलखाने चालू ठेवण्याचा आदेश काढला. पाच बड्या कंपन्यांत किमान ५९,००० कामगारांना लागण झाली आणि २६९ मेले, असे संसदेच्या समितीने २०२१ मध्ये नोंदवले.

आणि ती चिठ्ठी? 'गवतावरचे' कशाला म्हणावे याची सरकारी व्याख्या २००७ मध्ये झाली, २०१६ मध्ये सरकारने ती मागेही घेतली. या नावाने विकले जाणारे बरेचसे मांस ऑस्ट्रेलिया, उरुग्वे अशा देशांतून येते. तेथे पुन्हा तुकडे केले की कित्येक वर्षे त्यावर 'अमेरिकेत तयार' असे छापता येत होते. ती पळवाट २०२४ च्या नियमाने बुजवली, तो जानेवारी २०२६ पासून लागू झाला. खाजगी संस्थांच्या चिठ्ठ्यांमागेही नियम असतात ते चाऱ्याचे, औषधांचे, जनावर कोंडून न ठेवण्याचे. जनावराला मोकळे रान मिळाले का, हे त्यांत विचारलेले असते. साखळीवरच्या बाईला लघवीला जायची सुटी मिळाली का, हा प्रश्न त्यांत नसतो.

लकोटांचा ब्लॅक हिल्स हा डोंगराळ मुलूख १८७७ मध्ये करार मोडून घेतला गेला, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये मान्य केले आणि दहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली. लकोटांनी ती नाकारली. आम्हाला पैसे नकोत, जमीन हवी, असे ते सांगतात. ती रक्कम सरकारी खात्यात पडून आहे आणि व्याजाने वाढत एक अब्जाच्या पलीकडे गेली आहे. दरम्यान १९९२ मध्ये अनेक जमातींनी मिळून बायसन परत आणण्यासाठी एक संस्था काढली. लकोटांच्या राखीव मुलखातही आज बायसनांचे कळप गवत खात फिरतात.