खतावणी वाचणारे कायद्याचे प्राध्यापक

अमेरिकेतल्या रोखे कायद्याचा इतिहास बहुतेक वेळा १९२९ च्या पडझडीपासून सांगितला जातो. सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ वर असलेला डाऊ जोन्स निर्देशांक जुलै १९३२ मध्ये ४१ वर आला. लाखो कुटुंबांची आयुष्यभराची बचत बुडाली, लोक खवळले, सरकार बदलले आणि २७ मे १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी नव्या कायद्यावर सही केली. घटनांचा हा क्रम खरा आहे, पण त्यातून लावला जाणारा अर्थ मला अपुरा वाटतो. संतापाने सरकार पडते, मसुदा मात्र कोणीतरी बसून लिहावा लागतो. काय लिहायचे हे ठाऊक असलेली माणसे १९३३ च्या वसंतात हाताशी होती, कारण त्याआधीची काही वर्षे, बाजार चढत असताना आणि कोणाची तक्रार नसताना, कोलंबिया, येल आणि हार्वर्ड इथले कायद्याचे मोजके प्राध्यापक कंपन्यांच्या खतावण्या आणि भागधारकांच्या याद्या वाचत बसले होते. पडझडीने त्यांच्यासाठी दार उघडले, पण घरातले सामान आधीच जमवलेले होते. व्यापार आणि वित्त यांचा कायदा शिकवणाऱ्या प्राध्यापकाचा पेशा आज आपण ओळखतो तो याच काळात घडला.

त्याआधी हा पेशा कसा होता हे पाहिल्याशिवाय बदलाचे मोल कळत नाही. ख्रिस्तोफर कोलंबस लँगडेल १८७० मध्ये हार्वर्डच्या विधी शाळेचे प्रमुख झाले आणि त्यांनी निवाड्यांवरून कायदा शिकवण्याची पद्धत रूढ केली. वरिष्ठ न्यायालयांचे निवाडे वाचायचे, त्यांतून तत्त्व काढायचे, पुढच्या निवाड्यावर ते घासून पाहायचे. ग्रंथालय हीच कायद्याच्या विद्यार्थ्याची प्रयोगशाळा, अशी त्यामागची श्रद्धा होती. या पद्धतीने उत्तम वकील घडवले, यात शंका नाही. पण कंपनी कायद्यापुरती तिच्यात मोठी उणीव होती. न्यायालयात पोचतो तो तंटा. कंपनीच्या सत्तेचे महत्त्वाचे व्यवहार तंट्याविना, वकिलाच्या कार्यालयात आणि बँकेच्या बैठकीत उरकले जात. न्यू जर्सी आणि मागोमाग डेलावेअर या राज्यांनी कंपन्यांना आपल्याकडे ओढण्यासाठी कायदे इतके सैल केले होते की, पूर्वी ज्यावर दावा लागला असता ते आता स्थापनापत्रातल्या एका कलमाने करता येई. निवाड्यांचे खंड चाळणाऱ्या प्राध्यापकाच्या डोळ्यांना ते दिसणारच नव्हते.

अडॉल्फ बर्ले यांना ते दिसले, कारण ते दोन्हीकडे वावरले होते. १८९५ चा जन्म, एकविसाव्या वर्षी हार्वर्डची कायद्याची पदवी, न्यूयॉर्कमध्ये वकिली, हार्वर्डच्या व्यवसाय शाळेत अर्धवेळ अध्यापन आणि १९२७ पासून कोलंबियाची विधी शाळा असा त्यांचा प्रवास. १९२० च्या दशकात त्यांनी लिहिलेल्या लेखांचे विषय आज रुक्ष वाटतील: दर्शनी मूल्य नसलेले शेअर, मताधिकार नसलेले शेअर, नवे शेअर काढण्याचे संचालकांचे अधिकार. पण या सगळ्यांच्या तळाशी प्रश्न एकच होता. पैसा एकाचा आणि सत्ता दुसऱ्याची, अशी व्यवस्था कागदोपत्री नेमकी कशी उभारली जाते? १९३० मध्ये त्यांनी कंपनी वित्ताच्या कायद्यावर पाठ्यपुस्तक काढले. त्याच्या नावात निवाड्यांच्या जोडीला ‘इतर सामग्री’ होती आणि हा जोडशब्द किरकोळ मानू नये. विद्यार्थ्याने न्यायमूर्तीच्या शब्दांसोबत रोख्याचा करारनामाही वाचला पाहिजे, असा आग्रह त्यातून व्यक्त होत होता.

या आग्रहाचे सर्वांत मोठे फळ म्हणजे अर्थशास्त्रज्ञ गार्डिनर मीन्स यांच्यासोबत लिहिलेला आणि १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेला, आधुनिक कंपनी आणि खासगी मालमत्ता या विषयावरचा ग्रंथ. बँका वगळून अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या २०० कंपन्या त्यांनी घेतल्या आणि प्रत्येकीत खरी सूत्रे कोणाच्या हाती आहेत हे शोधले. देशातल्या अशा सर्व कंपन्यांच्या संपत्तीपैकी जवळपास निम्मी या दोनशेंकडे होती. त्यांपैकी संख्येने ४४ टक्के आणि संपत्तीने ५८ टक्के कंपन्या व्यवस्थापनाच्या ताब्यात होत्या. म्हणजे तिथे कोणाही भागधारकाचा वाटा हुकूम चालवण्याइतका नव्हता, आणि जे खुर्चीवर बसले होते तेच पुढच्या खुर्च्या भरत होते. अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीचे भागधारक सहा लाखांवर होते आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्याकडेही एक टक्का शेअर नव्हते. दुसऱ्या टोकाला क्लीव्हलँडचे व्हॅन स्वेरिंजन बंधू होते. एका कंपनीच्या डोक्यावर दुसरी, तिच्या डोक्यावर तिसरी अशी उतरंड रचून त्यांनी दोन कोटी डॉलरपेक्षा कमी गुंतवणुकीवर आठ मोठ्या रेल्वे कंपन्या ताब्यात ठेवल्या. त्या रेल्वेंची मालमत्ता दोनशे कोटी डॉलरच्या वर होती. हे आकडे कुठल्याही निवाड्यात नव्हते. ते मोजावे लागले, आणि मोजणाऱ्यांत एक कायद्याचा प्राध्यापक होता, ही या पेशाच्या इतिहासातली निर्णायक गोष्ट आहे.

बर्ले एकटे नव्हते. विल्यम डग्लस यांनी वॉल स्ट्रीटवरच्या एका वकिली संस्थेत थोडा काळ काढला, मग कोलंबियात शिकवले, आणि नव्या प्रमुखाच्या नेमणुकीवरून तिथे वाद पेटल्यावर १९२८ मध्ये ते येलला गेले. दिवाळखोरीचा कायदा शिकवताना त्यांना जाणवले की, माणसाचे दिवाळे का निघते हे कायद्याच्या क्षेत्रात कोणालाच धड ठाऊक नाही. मग न्यू जर्सीतल्या नेवार्कचे न्यायाधीश विल्यम क्लार्क यांच्या साह्याने त्यांनी दिवाळे निघालेल्या माणसांकडूनच माहिती गोळा करायला सुरुवात केली. हिशेब ठेवले होते का, उधारी किती होती, धंदा कधी बसला. त्या काळच्या विधी शाळांत हे जवळजवळ पाखंड होते. कोर्टाची पायरी उतरून दुकानदाराच्या वहीपर्यंत जाणारा प्राध्यापक हा समाजशास्त्रज्ञ की वकील, असा प्रश्न सहकाऱ्यांना पडणे स्वाभाविक होते. मला वाटते तो दोन्ही होता, आणि म्हणूनच पुढे उपयोगी पडला.

आता १९३३ कडे येऊ, कारण माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा तिथे आहे. मार्चच्या अखेरीस रूझवेल्ट यांनी संसदेला संदेश पाठवला, आणि फेडरल ट्रेड कमिशनचे माजी अध्यक्ष ह्यूस्टन थॉम्पसन यांनी बनवलेले विधेयक मांडले गेले. संताप होता, बहुमत होते, राष्ट्राध्यक्षांची इच्छा होती, तरीही विधेयक अडले. माहिती उघड करायला लावायची की धंदा बरा-वाईट ठरवण्याचा अधिकार सरकारला द्यायचा, याचा गोंधळ त्यात होता. प्रतिनिधीगृहाच्या समितीचे अध्यक्ष सॅम रेबर्न यांनी नवा मसुदा मागितला. निरोप हार्वर्डचे प्राध्यापक फेलिक्स फ्रँकफर्टर यांच्याकडे गेला, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते जेम्स लँडिस आणि बेंजामिन कोहेन यांना घेऊन वॉशिंग्टनला पोचले. सरकारी नोकरीतले वकील थॉमस कॉर्कोरन तिथे होतेच. लँडिस हार्वर्डमध्ये विधिनिर्मिती हा विषय शिकवत. १९११ मध्ये कॅन्ससने सुरू केलेल्या राज्यांच्या रोखे कायद्यांमध्ये काय चालले आणि काय फसले, याचा अभ्यास त्यांच्याजवळ तयार होता. दोन-तीन दिवसांचे काम समजून आलेली ही मंडळी आठवडेच्या आठवडे अडकली, पण आराखडा तेवढ्या अवधीतच उभा राहिला: रोख्यांची नोंदणी, विक्रीपूर्वी वीस दिवसांची थांबण्याची मुदत, आणि खोट्या माहितीबद्दल संचालक, हमीदार बँका व लेखापरीक्षक यांच्यावर थेट जबाबदारी. जे काम राजकीय बळावर होत नव्हते, ते तयारीवर झाले.

यावर कोणी म्हणेल की यात नवे काय, हे तर ब्रिटनच्या १९२९ च्या कंपनी कायद्यावरून उचललेले होते. उचलले होते, हे मान्य. लँडिस यांनीही ते कधी लपवले नाही. पण परक्या कायद्यातले कोणते कलम आपल्या मातीत रुजेल आणि कोणते नाही, हे ओळखणे ही तौलनिक अभ्यासाची कमाई असते. ब्रिटिश कायद्यात माहितीपत्रक निबंधकाकडे दाखल झाले की काम संपे. अमेरिकन मसुद्याने ते तपासणारी, अपुरे असल्यास रोखणारी यंत्रणा जोडली. आधी फेडरल ट्रेड कमिशन आणि १९३४ पासून रोखे व विनिमय आयोग ही ती यंत्रणा. लँडिस या आयोगाचे दुसरे अध्यक्ष झाले आणि डग्लस तिसरे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो प्राध्यापकांच्या गोटातूनच आला. १९३४ मध्ये डग्लस यांनी लिहिले की सामान्य गुंतवणूकदार माहितीपत्रक वाचणार नाही, वाचले तरी त्याला कळणार नाही. मग माहिती उघड करण्यावर सगळी भिस्त ठेवून काय साधणार? निरीक्षण अचूक आहे. नव्वद वर्षांनीही बारीक टायपातले ते कागद किती घरांत उलटले जातात, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. पण निष्कर्ष मला पटत नाही. ते कागद ज्यांच्या हाती पडतात त्यांत विश्लेषक, वार्ताहर, प्रतिस्पर्धी आणि वकील असतात. त्यांनी वाचलेले भावात उतरते, आणि खोटे लिहिणाऱ्यावर दाव्याची टांगती तलवार राहते. पर्यायी वाट कशी असते हे आपण भारतात अनुभवले आहे. १९४७ च्या भांडवल उभारणी नियंत्रण कायद्याखाली कंपनीने किती शेअर कोणत्या किमतीला काढायचे हे दिल्लीतला नियंत्रक ठरवी. १९९२ मध्ये ते कार्यालय बंद झाले आणि मुंबईच्या सेबीकडे माहिती उघड करायला लावण्याचे काम आले. थॉम्पसन आणि लँडिस यांच्या मसुद्यांतला वाद आपल्याकडे साठ वर्षांनी निकाली निघाला, असे म्हटले तर ते फारसे चुकणार नाही.

तिसरा आक्षेप बर्ले यांच्या मूळ सिद्धान्तावर आहे. कंपनी मोठी झाली की भागधारक विखुरतात आणि मालकी व सत्ता यांची फारकत होते, हे त्यांनी जवळपास निसर्गनियमासारखे मांडले. १९९४ मध्ये मार्क रो या कायद्याच्याच प्राध्यापकाने दाखवले की अमेरिकेतली ही फारकत राजकारणाने घडवलेली होती: बँकांना विस्तारू दिले नाही, आणि १९०६ मध्ये न्यूयॉर्कने विमा कंपन्यांना शेअर घेण्यास मनाई केली, म्हणून मोठा भागधारक उरलाच नाही. हे खंडन मला योग्य वाटते. जर्मनीत बँका राहिल्या, आपल्याकडे घराणी राहिली. मुंबईच्या गिरण्यांमध्ये तर फारकत अगदी वेगळ्या वाटेने आली. मॅनेजिंग एजन्सीच्या करारावर एखादी पेढी गिरणी चालवी आणि तिची दलाली अनेकदा नफ्यावर न ठरता उत्पादनावर किंवा विक्रीवर ठरे. भागधारकाच्या हाती काही पडो न पडो, एजंटाचा वाटा सुटत नसे. ही पद्धत एप्रिल १९७० मध्ये संपवली गेली. म्हणजे बर्ले यांचे कारण चुकले, तरी त्यांनी विचारलेला प्रश्न काळबादेवीपासून गिरणगावापर्यंत लागू पडत होता. मालक म्हणवणाऱ्याकडे खरोखर काय उरले आहे, हे त्या त्या बाजारात नव्याने मोजावे लागते; आणि रो यांनीही बर्ले यांना उत्तर दिले ते मोजून आणि कायद्याचा इतिहास तपासूनच.

मोजल्यानंतरचा प्रश्न मात्र आकड्यांनी सुटत नव्हता. सत्ता संचालकांकडे गेलीच आहे, तर त्यांनी ती कोणासाठी वापरायची? बर्ले यांनी १९३१ मध्ये एका विधी नियतकालिकात लिहिले की ते भागधारकांचे विश्वस्त आहेत. हार्वर्डचे मेरिक डॉड यांनी पुढच्या वर्षी त्याच नियतकालिकात उत्तर दिले की कामगार, ग्राहक आणि समाज यांच्याप्रतीही त्यांची जबाबदारी आहे. बर्ले यांचा प्रतिवाद मला आजही विचारात घेण्याजोगा वाटतो. त्याचा आशय असा, की संचालक दुसऱ्या कोणाला जबाबदार आहेत हे नेमके सांगणारी आणि अमलात येणारी व्यवस्था जोवर नाही, तोवर भागधारकांविषयीचे कर्तव्य सैल करणे म्हणजे संचालकांना मोकळे रान देणे. ते डॉड यांच्या सहानुभूतीच्या विरोधात नव्हते, तिच्या अंमलबजावणीबद्दल साशंक होते. १९५४ मध्ये बर्ले यांनी छापील शब्दांत कबूल केले की वाद, निदान त्या काळापुरता, डॉड यांच्या बाजूने मिटला आहे. विद्वानाने वीस वर्षांनी जाहीरपणे असे लिहिणे दुर्मीळ, आणि त्यासाठी मला बर्ले यांच्याबद्दल आदर वाटतो. भारताच्या २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १६६ संचालकांना भागधारकांसोबत कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांच्याही हिताने वागायला सांगते. शब्द डॉड यांच्या बाजूचे आहेत, पण ते मोडल्यास कामगाराने कोणत्या दारात जायचे, हा बर्ले यांचा प्रश्न तिथेही उभा राहतो.

या पिढीवर असाही ठपका ठेवला जातो की सत्तेच्या जवळ गेल्याने त्यांची विद्या पातळ झाली. बर्ले रूझवेल्ट यांच्या सल्लागार मंडळात होते, डग्लस १९३९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथे ३६ वर्षे राहिले. लँडिस हार्वर्डच्या विधी शाळेचे प्रमुख झाले. ज्यांनी इतरांच्या हिशेबांसाठी कायदा लिहिला त्यांनाच पुढे स्वतःचे करविवरणपत्र न भरल्याबद्दल शिक्षा झाली, ही त्या आयुष्याची वेदनादायक अखेर. व्यक्तींचा न्याय वेगळा करावा. पेशापुरते पाहिले, तर सत्तेकडून परत वर्गात आणि अभ्यासाच्या टेबलाशी येणारे बर्ले मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. १९५९ च्या पुस्तकात त्यांनी पुन्हा भागधारकांच्या याद्या उघडल्या. १९३२ मध्ये विखुरलेले शेअर आता निवृत्तिवेतन निधी आणि विमा संस्थांकडे गोळा होऊ लागले होते. कारकून आणि कामगार यांच्या म्हातारपणाचा पैसा कंपन्यांचा मालक होत होता, आणि त्या पैशाच्या वतीने मत देणारा माणूस कोणी निवडलेला नव्हता. हा नवा व्यवस्थापक कोणाचा विश्वस्त, असे त्यांनी वयाच्या चौसष्टीच्या सुमारास नव्याने विचारले.