दानाची मोटार

दानाला आपण हात जोडतो. पण दानाची अटही वाचावी. १९९० साली कॅलिफोर्नियाने धूर न सोडणाऱ्या मोटारींचा दंडक घातला. १९९६ साली जनरल मोटर्सची विजेवरची ‘ईव्ही-१’ रस्त्यावर आली. अशा १,११७ गाड्या निघाल्या; त्या विकल्या नाहीत, भाडेकराराने दिल्या. पुढे दंडक सैल झाला. २००३ साली कंपनीने गाड्या परत मागवल्या आणि बहुतेक चिरडून टाकल्या. काही थोड्या संग्रहालयांना व विद्यापीठांना मिळाल्या, त्याही बहुतेक निकामी करून आणि रस्त्यावर न आणण्याच्या अटीवर.

तरीही अ‍ॅल्युमिनियमचा हलका सांगाडा, वारा कापणारा घाट आणि ब्रेक लावताच बॅटरीत परतणारी वीज यांमागची युक्ती विद्यार्थ्यांपुढे उघडीच राहिली. गाडी थांबवता येते. ती पाहून सुचलेला विचार थांबवता येत नाही, असे आम्हांला वाटते.