वृद्धांसाठी जकात आणि सदका: कोणाला, कशी द्यावी

साहिबे-निसाब मुसलमानाने वर्ष पूर्ण झालेल्या मालातून काढायचा अडीच टक्के हिस्सा म्हणजे जकात. निसाब साडेसात तोळे (87.48 ग्रॅम) सोने किंवा साडेबावन्न तोळे (612.36 ग्रॅम) चांदीचा. ती कोणाला द्यायची ते सूरह तौबाच्या 60व्या आयतीत आठ गटांत सांगितले आहे. त्यात म्हाताऱ्यांचा वेगळा गट नाही. नुसते वय झाले म्हणून कोणी हकदार होत नाही, गरजू असावा लागतो.

नेहमी विचारला जाणारा प्रश्न: आई-वडिलांना जकात चालते का? नाही. दादा-दादी, नाना-नानींनाही नाही. त्यांचा खर्च आपल्याच खिशातून करायचा. पण खाला, फूफी, चाचा, मामू, सावत्र आई, सासू-सासरे गरीब असतील तर हनफी मसल्यानुसार त्यांना देता येते, आणि नातेवाईकाला दिल्याचा सवाब दुहेरी. तरी आपण पावतीपुस्तक घेऊन आलेल्याला देतो आणि घरातली एकटी फूफी राहून जाते. राहते घर, वापरातले कपडे-भांडी हिशेबात धरत नाहीत. पेटीतले दागिने मात्र धरतात. कोकणातल्या शाफई घरांत काही मसले वेगळे आहेत, ते आपल्या आलिमांना विचारावेत.

देताना "ही जकात आहे" असे सांगणे जरूरी नाही. नियत मनात असली की पुरे. ईदी म्हणून हातात ठेवली तरी अदा होते. स्वाभिमानी म्हाताऱ्या माणसाला याचा मोठा आधार वाटतो. दुसरे, साहिबे-निसाब माणूस जकात आगाऊ देऊ शकतो, म्हणून रमजानमध्ये एकरकमी देण्याऐवजी दरमहा थोडी थोडी देता येते. बीपी-शुगरच्या गोळ्या बाराही महिने लागतात!

जकातीत रक्कम किंवा वस्तू हकदाराच्या मालकीची व्हावी लागते, याला तमलीक म्हणतात. चष्मा, कानाचे यंत्र, औषधे देता येतात. वृद्धाश्रमाची इमारत किंवा नोकरांचा पगार मात्र लिल्लाह रकमेतून करावा. जमातीच्या बैतुलमालने दोन्ही हिशेब वेगळे ठेवावेत.

बिगर-मुस्लिम शेजाऱ्याला नफ्ली सदका देता येतो. हजरत उमर (रजि.) यांनी भीक मागणाऱ्या एका वृद्ध यहुद्याला बैतुलमालमधून वजिफा लावून दिला, ही रिवायत इमाम अबू यूसुफ यांच्या 'किताबुल खराज'मध्ये आहे.

सरकारी हक्कही सोडू नयेत. 65 वर्षांवरील निराधारांसाठी श्रावणबाळ योजना आहे, अर्ज तहसील कार्यालयात करायचा. 70 वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. मुले सांभाळत नसतील तर 2007च्या कायद्याखाली प्रांत अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात पोटगी मागता येते. आधारवरची जन्मतारीख चुकीची असेल तर ती आधी दुरुस्त करून घ्यावी. मोहल्ल्यातल्या पोरांनी एवढी धावपळ केली तरी कित्येक अर्ज मार्गी लागतील.