शाळेचा वार्षिक अंक

कोयना आणि केरा या नद्यांच्या संगमावर पाटण वसलें आहे. या डोंगरी तालुक्यांत काय किंवा अन्यत्र काय, शाळेंतील मुलांचीं नांवें दोन ठिकाणीं टिकतात. एक, नियमानें ठेवलेलें जनरल रजिस्टर; तें शाळेच्या कपाटांत असतें. दुसरा, वार्षिक अंक. त्याच्या शेंकडों प्रती घरोघर जातात. पाटणच्या खोऱ्याचा इतिहास पाहिला म्हणजे हा भेद केवढा आहे तें कळतें.

१९६० च्या दशकाच्या आरंभीं कोयना धरणाचें पाणी अडलें. शिवसागर जलाशयाखालीं गांवेंच्या गांवें गेलीं आणि कुटुंबें दूरच्या जिल्ह्यांत विखुरलीं. पुढें ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे कोयनानगरच्या परिसरांत भूकंप झाला. सुमारें १८० माणसें दगावलीं, हजारों घरें पडलीं. अशा भूमींत एका वर्गांत कोण कोण बसत होतें हें सांगणारा छापील कागद म्हणजे चैन नव्हे.

या अंकाचा पूर्वज हस्तलिखित. सुंदर अक्षराच्या विद्यार्थ्यानें तें लिहावें, चित्रकलेच्या शिक्षकांनीं वेलबुट्टी काढावी, आणि तें एकच बाड हातोहातीं फिरून झिजावें, असा त्याचा क्रम. छपाईनें प्रती वाढल्या, परंतु छपाईचेही स्वतःचे कांहीं हट्ट असतात. १८०५ मध्यें मिरजेस तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली; अशा कामांत पान म्हणजे एक अखंड पत्रा, त्यांतील अक्षर उचलून दुसरें बसवितां येत नाहीं. सुट्या खिळ्यांनीं ती अडचण गेली. घरगुती अंक केवढा वाढूं शकतो याचें उदाहरणही याच भागांतलें आहे. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यांतून १९२० सालीं निघालेली ‘किर्लोस्कर खबर’ पुढें ‘किर्लोस्कर’ या नांवानें मराठी घरांत वाचली जाऊं लागली.

शाळेच्या अंकाचें खरें माप पानांत नसतें, फॉर्मांत असतें. एका तावाच्या दोन्ही अंगांवर मिळून आठ किंवा सोळा पानें अशीं लावतात कीं, ताव दुमडल्यावर तीं क्रमानें यावींत. यासच फॉर्म म्हणतात. सोळा पानांचे पांच फॉर्म ठरले म्हणजे अंक ८० पानांचा. ८१ व्या पानावरची कविता कितीही गोड असली तरी गळते, आणि दोन पानें रिकामीं राहिलीं तर सुविचार धांवून येतात. सुविचारांची ही उत्पत्ति फार थोड्या वाचकांस ठाऊक असते!

छायाचित्रांचेंही तसेंच. खिळ्यांच्या छपाईंत छायाचित्र जाळींतून ठिपक्याठिपक्यांत फोडून जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर उतरवीत. हा हाफटोन ब्लॉक. खरखरीत कागदावर तो नीट उठत नसे, म्हणून गुळगुळीत आर्ट पेपरचीं पानें निराळीं छापून मध्यें शिवीत. जुन्या अंकांत सारे फोटो एकत्र आढळतात ते यामुळें. ऑफसेट आणि संगणक आल्यावर चित्र हवें तेथें बसूं लागलें.

मुद्रक व प्रकाशक यांचा उल्लेख १८६७ च्या कायद्यानें आवश्यक केला होता. १९५६ च्या नियमांनंतर पुष्कळ अंकांत ‘फॉर्म नं. ४’ ही चौकटही दिसूं लागली. हा फॉर्म मात्र कागदाचा नव्हे, कायद्याचा. त्या जुन्या कायद्याची जागा आतां २०२३ च्या कायद्यानें घेतली आहे.

संपादकीय, मुख्याध्यापकांचा अहवाल, स्नेहसंमेलनाचा वृत्तांत यांवर संपादक मंडळ परिश्रम घेतें. फोटोखालची ओळ मात्र शेवटच्या दिवशीं घाईनें लिहिली जाते. वस्तुतः वीस वर्षांनंतर अंक उघडला जातो तो त्या ओळीसाठींच. ‘बसलेले, डावीकडून’ एवढ्यावर ती थांबली, आणि मुलांना ओळखणाऱ्या शिक्षकांची बदली झाली, कीं तो फोटो मुका होतो. म्हणून प्रूफ हातीं येतांच आधीं हीच ओळ तपासावी. जाणते शिक्षक तर फोटो काढल्याच दिवशीं, मुलें रांगेंत उभीं असतांनाच, नांवें उतरून घेतात: मुलाचें नांव, वडिलांचें नांव, आडनांव. कोयनेच्या खोऱ्यांत तरी त्यापुढें गांवही लिहावें. आणि त्या दिवशीं जीं मुलें शाळेस आलेलीं नसतात, त्यांचीं नांवें ‘अनुपस्थित’ म्हणून सर्वांत खालीं छापावीं.